बेसिकच्या ओळींना १०, २०, ३० असे नंबर का असायचे?

नव्वदच्या दशकात ज्यांनी शाळेत कॉम्प्युटर शिकला त्यांना आठवत असेल, चपला बाहेर काढून लॅबमध्ये जायचं, एका मशीनवर दोघं-तिघं बसायचं, काळ्या स्क्रीनवर जीडब्ल्यू-बेसिक (बेसिक या प्रोग्रामिंग भाषेचं एक रूप) चालू करायचं आणि वहीत लिहून आणलेला प्रोग्राम बघून बघून टाइप करायचा. १० लेट ए = ५, २० लेट बी = ७, ३० प्रिंट ए + बी, ४० एंड. मग रन. खाली १२ आले की काय आनंद व्हायचा! पण ते १०, २०, ३० कशाला, साधं १, २, ३ का नाही, हे आम्ही कधी विचारलंच नाही. सध्या माझी भाची पायथन ही आजची प्रोग्रामिंग भाषा शिकतेय, तिच्या हाती माझी ती जुनी वही लागली आणि पहिला प्रश्न हाच, "मामा, ओळींना नंबर का दिलेत? आणि दहा-दहा सोडून का?" उत्तर बरंच मागे जातं, पार १९६४ पर्यंत, आणि माझ्या मते प्रोग्रामिंग शिकायला सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी ऐकावं.

तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर मशीन आणि त्याच्याजवळ जायला मिळायचं ते मोजक्या लोकांना. आयबीएमची फोरट्रान भाषा १९५७ मध्ये आली होती, म्हणजे नुसत्या आकड्यांतल्या मशीनच्या भाषेतून थोडी सुटका झाली होती, पण प्रोग्राम लिहायचा म्हणजे एकेक ओळ एकेका कार्डावर भोकं पाडून पंच करायची, कार्डांचा गठ्ठा ऑपरेटरकडे द्यायचा आणि वाट बघत बसायचं, कधी काही तास तर कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. निकाल हातात येतो तर काय, एक स्वल्पविराम चुकलाय. परत कार्ड, परत रांग. नवशिक्या माणसाचा अशाने काय उत्साह टिकणार? शिकताना चूक झाली तर ती लगेच कळायला हवी, हातातलं काम गरम असतानाच.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात हॅनोव्हर नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या डार्टमथ कॉलेजात गणिताचे दोन प्राध्यापक होते, जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ. केमेनी मूळचे बुडापेस्टचे, तरुणपणी प्रिन्स्टनमध्ये आइनस्टाइनचे सहाय्यक होते. कर्ट्झ तर सुरुवातीला पंच कार्डं घेऊन रेल्वेने एमआयटी या दुसऱ्या विद्यापीठात जायचे, कारण कॉलेजात कॉम्प्युटरच नव्हता. या दोघांनी जे ठरवलं ते मला आजही फार मोठं वाटतं. कॉलेजातली बरीचशी मुलं इतिहास, भाषा, अर्थशास्त्र अशा विषयांची, पण पुढे जाऊन मोठे निर्णय घेणारी हीच मुलं असणार, मग कॉम्प्युटर म्हणजे काय हे त्यांना स्वतः वापरून कळायला नको का? लेक्चर देऊन नाही, प्रोग्राम लिहून.

त्यासाठी दोन गोष्टी लागणार होत्या. एक म्हणजे टाइम शेअरिंग, एकाच मशीनवर अनेकजण एकाच वेळी काम करणार, मशीन प्रत्येकाला थोडा थोडा वेळ देणार आणि प्रत्येकाला वाटणार की हे माझ्याशीच बोलतंय. दुसरी म्हणजे सोपी भाषा. तिचं नाव बेसिक, पूर्ण नाव बिगिनर्स ऑल-पर्पज सिम्बॉलिक इन्स्ट्रक्शन कोड. नावातला पहिलाच शब्द बिगिनर्स, हे कृपया नजरेतून सोडू नका! शब्द रोजच्या इंग्रजीतले: लेट, प्रिंट, इफ, देन. आत शिरायला हॅलो, निघताना गुडबाय. सिस्टिमचं बरंचसं काम कॉलेजच्या विद्यार्थ्यांनीच केलं. १ मे १९६४ च्या पहाटे ४ वाजता दोन टर्मिनलवरून एकाच वेळी प्रोग्राम चालवले आणि दोन्हीकडे बरोबर उत्तर आलं.

आता नंबरांकडे येतो. ही टर्मिनलं म्हणजे स्क्रीन नव्हे, टेलिटाइप! टाइपरायटरसारखं खडखड वाजणारं यंत्र, कागदाची गुंडाळी, सेकंदाला साधारण १० अक्षरं. कागदावर एकदा छापलं ते छापलं, कर्सर वर नेऊन दुरुस्ती करणं हा प्रकारच नाही. मग पाचवी ओळ चुकली तर दुरुस्त कशी करायची? तर प्रत्येक ओळीला नंबर द्यायचा. चुकली तर तोच नंबर टाकून ओळ परत टाइप करायची, मशीन जुनी टाकून नवी ठेवणार. नुसता नंबर टाकून एंटर मारला की ओळ गायब. आणि मधे ओळ घालायची असेल तर? १० आणि २० च्या मधे १५ टाका, मशीन आपोआप क्रम लावून घेतं. म्हणूनच दहा-दहाची जागा सोडायची, पुढे सुचेल त्यासाठी. शिवाय ओळीच्या सुरुवातीला नंबर असेल तर ती प्रोग्रामची ओळ, नसेल तर ती मशीनला हुकूम, जसं रन किंवा लिस्ट. आणि गोटू ३०, म्हणजे '३० नंबरच्या ओळीवर जा', म्हटलं की तोच नंबर पत्ता म्हणूनही चालायचा. एवढी कामं एका आकड्याने केली, मला तर हे फारच सुंदर वाटतं.

केमेनी-कर्ट्झनी भाषा कुणालाही वापरू दिली, त्यामुळे ती पसरली. १९७५ मध्ये बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी अल्टेअर ८८०० या छोट्या कॉम्प्युटरसाठी बेसिक लिहिलं, मायक्रोसॉफ्टची सुरुवातच तिथून. मग घरगुती कॉम्प्युटर आले, बहुतेकांत बेसिक आधीपासून भरलेलं. आपल्याकडे १९८४ च्या सुमारास शाळांत कॉम्प्युटर नेण्याचा केंद्र सरकारचा 'क्लास' प्रकल्प सुरू झाला आणि निवडक शाळांत बीबीसी मायक्रो नावाचे ब्रिटिश कॉम्प्युटर आले, तेही बेसिकवालेच. तोवर स्क्रीन आली होती, बाण दाबून वर जाऊन दुरुस्ती करता येत होती, तरी नंबर तसेच राहिले. टेलिटाइप गेला, त्याची सवय आमच्या वहीपर्यंत पोचली.

टीकाही झाली. डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९७५ मध्ये लिहिलं की बेसिक शिकलेल्या मुलांना चांगलं प्रोग्रामिंग शिकवणं जवळपास अशक्य आहे. गोटू वापरून प्रोग्रामचा गुंता होतो हे खरंच, मी स्वतः असे गुंते केलेत, पण त्यांचं बाकीचं मला पटत नाही, कारण ज्यांना एरवी दारातही उभं केलं नसतं अशा लाखो मुलांना या भाषेने आत घेतलं. केमेनी आणि कर्ट्झ यांनाही बाजारात फिरणारी बेसिकची रूपं आवडत नव्हती, म्हणून १९८५ मध्ये त्यांनी स्वतः ट्रू बेसिक काढलं, त्यात नंबरांची सक्ती नव्हती. १९९१ मध्ये डॉस या मायक्रोसॉफ्टच्या ऑपरेटिंग सिस्टिमसोबत क्यूबेसिक आलं तेही बिननंबराचं चालायचं, आणि त्याच वर्षी पायथन पहिल्यांदा लोकांसमोर आलं.

भाचीला हे सगळं तोंडी सांगून पटेना, मग कोरा कागद दिला, पेन दिलं आणि म्हटलं खोडायचं नाही, वर जायचं नाही, फक्त पुढे लिहायचं. तिने चार ओळी लिहिल्या, तिसरीत चुकली, जरा थांबली, आणि खाली परत ३० लिहून ओळ नीट केली. मग वरची यादी बघितली आणि न सांगता २५ घातला.