बेल्स ऑफ आयर्लंड: हिरव्या वाट्यांचं झाड ठाण्याच्या बाल्कनीत

बुकेमध्ये एखादी लांब काठी आणि तिच्यावर खालपासून वरपर्यंत हिरव्या वाट्या दिसल्या ना, तर ते बेल्स ऑफ आयर्लंड, आणि त्या वाट्या म्हणजे फुलं नाहीत! वांग्याच्या देठाला जी हिरवी टोपी असते तोच भाग, निदलपुंज, इथे पसरून एवढा मोठा झालाय. खरं फूल आत असतं, बारीक पांढरट, ते लवकर गळतं. वाटी मात्र पानासारखी हिरवीगार टिकते, म्हणून फ्लॉवरपॉटमध्ये आठवडाभर सहज राहते.

झाड तुळस-पुदिन्याच्या कुळातलं, खोड बोटांत फिरवून बघा, चौकोनी लागतं. मूळ तुर्कस्तान, सीरियाकडचं, म्हणजे गारव्यात वाढायचं आणि उन्हाळ्यात बी टाकून मरायचं. त्यामुळे ठाणे, ऐरोली, वाशीकडे पावसाळ्यात लावू नका, कुजेल. ऑक्टोबर हीटमध्ये बी ओल्या टिश्यूत गुंडाळून आठवडा-दोन आठवडे फ्रिजमध्ये (फ्रीझरमध्ये नाही) ठेवायचं आणि नोव्हेंबरमध्ये थेट मोठ्या खोल कुंडीत पेरायचं, कारण सोटमूळ असतं, रोप उपटून दुसरीकडे लावलेलं त्याला चालत नाही. बियांवर माती लोटू नका, रुजायला उजेड लागतो. आणि धीर धरा, दोन-चार आठवडे काहीच दिसत नाही, लोक नेमकं तेव्हाच कुंडी रिकामी करतात. ऊन भरपूर, पाणी बेताचं, म्हणजे फेब्रुवारीच्या आसपास काठ्या तयार.

अर्ध्याहून जास्त वाट्या उघडल्या की सकाळी लवकर कापायच्या, हातमोजे घालून, वाट्यांखाली काटे असतात. पानं काढून टाका आणि काठी बादलीत उभीच ठेवा, हे मी मुद्दाम सांगतेय, कारण आडवी ठेवली तर काही तासांत शेंडा वर वळतो आणि मग ती सरळ होत नाही. कापल्यावरही खोडाला खाली कुठे ते कळतं! पेशींमधले स्टार्चचे जड कण खालच्या बाजूला सरकतात, मग ऑक्झिन नावाचं वाढीचं द्रव्य त्या बाजूला जास्त जमतं, तिथल्या पेशी जास्त लांबतात आणि टोक आकाशाकडे वळतं. मला तर ती वळलेली काठीसुद्धा आवडते, उंच अरेंजमेंटमध्ये छान दिसते.

सुकवायची असेल तर उलटी टांगा, रंग गवती पिवळा होतो. एक-दोन काठ्या झाडावरच वाळू द्या, प्रत्येक वाटीच्या तळाशी चारपर्यंत बिया मिळतात, त्या पुढच्या ऑक्टोबरपर्यंत कोरड्या डबीत ठेवायच्या.