घोट्याचा घोटाळा: सपाट तळवा वेगळा, आत कलणारं पाऊल वेगळं

आंघोळ करून ओल्या पायांनी शहाबादी फरशीवरून गेलं की मागे ठसे उमटायचे आणि आजी ओरडायची. आता तेच ठसे बघून लोक पंधरा-पंधरा हजारांचे शूज घेतात. मीही घेतले.

पहिल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीची तयारी चालली होती. दुकानातल्या मुलाने मला एका काचेच्या पाटावर उभं केलं, स्क्रीनवर तळव्याचं लाल-पिवळं चित्र आलं आणि तो म्हणाला, "ताई, फ्लॅट फूट आहे तुमचा. म्हणजे ओव्हरप्रोनेशन. तुम्हाला स्टॅबिलिटीच घ्यावे लागणार." ओव्हरप्रोनेशन, तर पळताना पाऊल जास्तच आत कलणं; स्टॅबिलिटी शूज ते आवरायला आतून आधार देतात. तळजाई टेकडीच्या दोनच फेऱ्यांत तळव्याच्या आतल्या कडेला टपोरा फोड. चूक त्या 'म्हणजे'मध्ये होती, हे कळायला मला वर्ष गेलं.

सपाट तळवा ही पायाची घडण. उभं राहिल्यावर कमान जमिनीला टेकलेली दिसते, ठसा भाकरीसारखा भरगच्च उमटतो. प्रोनेशन ही हालचाल आहे. पळताना बहुतेकांची टाच आधी बाहेरच्या कडेने टेकते, मग पाऊल आतल्या बाजूला कलतं, कमान जराशी खाली बसते आणि दणका वाटला जातो. पुढच्या क्षणी टाच उचलते, अंगठा वर वाकतो आणि तळव्याखालचा जाड पट्टा रहाटावर दोर ओढला जावा तसा ताणला जातो. कमान पुन्हा वर येते, पाऊल ताठ होतं आणि पुढे ढकलतं. १९५४ साली हिक्स नावाच्या शास्त्रज्ञाने या यंत्रणेला रहाटाचंच नाव दिलं. म्हणजे आत कलणं हा रोग नव्हे, कललंच नाही तर दणका थेट नडगीला बसेल. त्याचं 'ओव्हर' नेमकं कुठे सुरू होतं, याची पक्की रेघ कुणी आखलेली नाही.

आणि उभ्या पायाच्या ठशावरून ही हालचाल दिसत नाही. आमच्या भाऊजींचा तळवा पोळपाटासारखा, पण पळताना मागून बघा, घोटा सरळ रेषेत. भाचीची कमान शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला लाजवेल अशी, आणि तिचंच पाऊल दर ढांगेला आत ढळतं. दुकानातल्या तक्त्यावर या दोघांनाही नेमकी उलटी जोडी मिळाली असती.

गंमत म्हणजे नुसता सपाट ठसा बघून निकाल लावू नये, हे आपल्या खडकवासल्याला केव्हाचं माहीत आहे. एनडीएच्या, म्हणजे तिथल्या लष्करी प्रबोधिनीच्या, परीक्षेला बसणाऱ्या पोरांच्या घरी 'फ्लॅट फूट' हा शब्द भुतासारखा घेतात. पण वैद्यकीय निकष नीट वाचले तर ते नुसत्या सपाटपणावर माणूस नापास करत नाहीत. चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान परत दिसते का, चवड्यांवर उड्या मारता आणि पळता येतं का, पाय लवचीक आणि न दुखणारा आहे का, हे बघतात. होत असेल तर पास. कमान कशानेच वर येत नसेल, पाय कडक असेल, तर अडचण. घरी करायची पहिली चाचणी हीच: भिंतीला हात टेकून चवड्यांवर उभं राहा आणि कुणाला तरी मागून बघायला सांगा.

दुसरी चाचणी फोनची. जमिनीलगत धरून, मागून, सपाट रस्त्यावर पळतानाचं चित्रीकरण. दमल्यानंतरचंही करा, ताज्या पायांनी सगळेच शहाणे धावतात. जुन्या शूजची टाच मात्र साक्षीला बोलावू नका. बाहेरच्या कडेला झिजली की लोक घाबरतात, पण तिथे ती जवळजवळ सगळ्यांचीच झिजते.

आता शूज. इथे आणखी एक जोडी एकमेकांत मिसळते: मऊपणा आणि आधार. असिक्स कंपनीचंच बघा. निंबस आणि कायानो दोन्ही गुबगुबीत, पण निंबस न्यूट्रल, म्हणजे आतून वेगळा आधार नसलेला, आणि कायानो स्टॅबिलिटीचा. जुन्या पद्धतीच्या स्टॅबिलिटी शूजमध्ये आतल्या बाजूला कडक फोमचा तुकडा असतो, बहुधा करड्या रंगाचा. अंगठ्याने दाबला की कळतो. हल्ली अनेक कंपन्या तो काढून सोल रुंद करतात किंवा कडा उंच ठेवतात. बोटाने दाबून "किती मऊ!" म्हणणाऱ्याला आधाराबद्दल काहीच कळलेलं नसतं.

कमानीप्रमाणे शूज दिले तर दुखापती कमी होतात का? अमेरिकी सैन्याने हे हजारो नव्या भरतीवर तपासलं. निम्म्यांना तळव्याच्या आकारानुसार शूज, निम्म्यांना सरसकट एकाच प्रकारचे. २००९ आणि २०१० साली निकाल छापून आले: फरक जवळजवळ नाही. डेन्मार्कमध्ये ९२७ नवशिक्यांना न्यूट्रल शूज देऊन वर्षभर पाहिलं, तिथेही आत कलणाऱ्या पावलांना जास्त दुखापती झाल्या नाहीत (२०१४). पण लगेच स्टॅबिलिटीला मोडीत काढू नका. २०१६ साली लक्झेंबर्गच्या ३७२ धावपटूंमध्ये ज्यांचं पाऊल आत कललेलं होतं, त्यांना आतून आधार देणाऱ्या शूजचा फायदा दिसला. यातून मी माझ्यापुरता अर्थ काढला तो असा: ठसा दुकानदाराला दाखवू नये, पळणं दाखवावं. आणि आधीपासून काही दुखत नसेल तर पायाला जे बरं वाटतं ते घ्यावं.

बरं वाटणं ओळखायचं कसं? संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. पळताना घालता तेच मोजे न्या. लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी. आणि दुकानाबाहेरच्या फुटपाथवर, जो काही शिल्लक असेल त्यावर, दोन मिनिटं खरंच पळा. कमानीखाली काही टोचत असेल तर "वापरून सैल होईल" यावर विश्वास ठेवू नका. माझा फोड त्याच वाक्याचा.

लहान मुलांच्या सपाट पायांची काळजी करणाऱ्या आयांसाठी एक आडवळण. भारतात ४ ते १३ वयाच्या २३०० मुलांचे ठसे घेऊन १९९२ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. बूट-चपला घालणाऱ्यांत सपाट पाय ८.६ टक्के, अनवाणी वाढलेल्यांत २.८. पोरांना घरात तरी अनवाणी हुंदडू द्या.

मात्र मोठेपणी एकाच पायाची कमान बसत चालली असेल, घोट्याच्या आतल्या बाजूला सूज असेल किंवा त्या पायाच्या चवड्यावर उभंच राहता येत नसेल, तर ते काम दुकानाचं नाही, अस्थिरोगतज्ज्ञाचं आहे. तिथला स्नायूबंध दुखावला असू शकतो.

मी सध्या न्यूट्रल घालते. ती स्टॅबिलिटीची जोडी भाचीला दिली. मापही बसलं आणि तिचा घोटाही जरा सरळ दिसतो, निदान फोनवर तरी.