बालसंगोपन व प्रसूतिरजेचा सरकारी आधार (सातारा-सांगली)

बाळंतपणाची रजा आणि लहान मुलांचा सांभाळ यांसाठी सरकारी तिजोरीतून होणारी तरतूद. सातारा व सांगली जिल्ह्यांत ती मुख्यतः अंगणवाडी, मातृवंदना योजना आणि सरकारी नोकरीतली भरपगारी रजा या वाटांनी पोचते. बाई कुठे कामाला आहे, त्यावर तिच्या पदरात काय पडणार हे ठरते.

जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेला 180 दिवसांची प्रसूतिरजा मिळते; शिवाय राज्य शासनाच्या 2018 च्या निर्णयानुसार संपूर्ण सेवेत 180 दिवसांची बालसंगोपन रजा. ही दुसरी रजा पुरुषाला मात्र पत्नी हयात नसेल किंवा अंथरुणाला खिळली असेल तरच. खाजगी नोकरीत प्रसूती लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा 12 वरून 26 आठवड्यांवर गेली, पण तो पगार मालकाने द्यायचा. कामगार विमा असेल तर विमा महामंडळाने. पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे झाले. कुपवाड एमआयडीसीतल्या वीस-पंचवीस माणसांच्या कारखान्याला ते कलम लागूच होत नाही.

नोकरी नसलेल्या आईसाठी मातृवंदना योजना आहे: पहिल्या बाळाला दोन हप्त्यांत 5,000 रुपये, दुसरी मुलगी झाल्यास 6,000. खर्च केंद्र व राज्य 60:40 प्रमाणात उचलतात. एवढ्या पैशात बुडालेल्या मजुरीची भरपाई होत नाही.

ऊसतोडीत ही सगळी व्यवस्था तोकडी पडते. कृष्णाकाठच्या कारखान्यांना ऊस तोडायला बीडकडून, तसेच जत-आटपाडीकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) दोघांच्या नावावर घेतलेली, आणि खाडा पडला की पैसे कापले जातात. त्यामुळे बाळंतीण लवकरच फडात उतरते. तान्हे पोर पाचटावर पसरलेल्या गोधडीवर नाहीतर गाडीला बांधलेल्या झोळीत, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला सहा-सात वर्षांची बहीण. म्हणजे तिची शाळाही गेली. टोळी उजाडायच्या आत निघते. अंगणवाडी दिवसातले काही तासच उघडी, आणि तिथली शिकवणी तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी.

मजुरांच्या मुलांचा सांभाळ सरकारी खर्चात बसू शकतो, याला आधार आहे. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात जी रोजगार हमी प्रथम राबवून पाहिली, तिच्याच वाटेने पुढे आलेल्या केंद्राच्या 2005 च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच मुले असली, तर त्यांना सांभाळायला एका बाईला पूर्ण मजुरीवर नेमण्याची तरतूद होती. उसाचा फड सरकारी काम नाही, म्हणून तिथे ती पोचली नाही. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे 10 रुपये आणि राज्याने तेवढेच द्यायचे ठरले आहे. त्यातला पहिला वाटा तळावरच्या हंगामी पाळणाघरांना मिळायला हवा, आणि ती पहाटे टोळी निघण्याआधी उघडायला हवीत.