भूकंप-सुरक्षितता तपासणी : वाढीव बांधकाम असलेल्या जुन्या इमारती (पुणे)

मूळ इमारतीला नंतर जोडलेले मजले, खोल्या, जिने व बाल्कन्या धरून सगळे बांधकाम भूकंपाचे आडवे हादरे कितपत सोसेल, हे ठरवण्याची अभियांत्रिकी पद्धत. नेहमीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये गंज, गळती, तडे आणि उभा भार यांकडे मुख्यतः पाहिले जाते. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी व्हायला हवे. ते झाले म्हणजे भूकंपाचीही तपासणी झाली, ही सोसायट्यांच्या बैठकांत ऐकू येणारी समजूत चुकीची आहे. रोजचा भार वर्षानुवर्षे बिनतक्रार पेलणारी इमारत आडव्या जोरापुढे दुबळी असू शकते.

आयएस १८९३ (२०१६) या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या नकाशात पुणे तिसऱ्या भूकंपक्षेत्रात, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात येते. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे झालेल्या भूकंपाचे ठिकाण कोयना हे पुण्यापासून सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे. दख्खनचे पठार स्थिर आहे, या जुन्या विश्वासाला त्या भूकंपाने तडा दिला आणि १९७०च्या सुधारित मानकात देशाचा भूकंपनकाशा बदलला. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळून हजारो माणसे दगावली. २६ जानेवारी २००१ला भूज परिसरातील भूकंपाने दूरच्या अहमदाबादमध्येही तळमजल्यावर फक्त पार्किंगचे खांब असलेल्या इमारती पाडल्या. पुण्याच्या उपनगरांत तशा इमारती गल्लोगल्ली आहेत.

पुण्यात तपासणीचा सगळ्यांत महत्त्वाचा भाग इमारतीचा इतिहास जुळवणे हा आहे. पेठेतल्या एखाद्या वाड्याला दगडी जोते, सागवानी खांब-तुळया आणि विटा-मातीच्या भिंती असतात. पुढे मागच्या बाजूला लोड बेअरिंग (भिंतींवरच भार पेलणाऱ्या) खोल्या चढतात, त्यावर आरसीसी (लोखंडी गज घातलेल्या काँक्रीटचा) स्लॅब पडतो, आणि रस्त्याकडची भिंत दुकानाच्या शटरसाठी कापली जाते. अशा इमारतीला बांधकामाचे एकच वर्ष नसते. लाकडी सांगाडा लवचीक असतो आणि विटांची भिंत ताठ. हादऱ्यात दोन्ही वेगवेगळे हलतात आणि सांध्यावर एकमेकांवर आपटतात किंवा फाटून अलग होतात. म्हणून मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मिळकतकरातील वाढीच्या नोंदी आणि जुन्या रहिवाशांच्या आठवणी यांवरून कोणता भाग केव्हा आला, हे आधी ठरवावे लागते. हे काम कंटाळवाणे असले तरी ते टाळून केलेली पुढची आकडेमोड बहुधा अंदाजावर उभी राहते.

आरसीसी इमारतींत काळ वेगळ्या रीतीने बोलतो. १९६०च्या दशकातील कामांत साधे गुळगुळीत गज सापडतात, नंतर पिळाचे टॉर गज येतात. खांब-तुळयांच्या जोडाजवळ रिंगा (उभ्या-आडव्या मुख्य गजांना वेढणारी लोखंडी कडी) दाट ठेवून त्यांची टोके १३५ अंशांत आत वळवण्यासारख्या तपशिलांचे स्वतंत्र मानक, आयएस १३९२०, १९९३चे आहे. त्याआधीच्या खांबांत रिंगा विरळ आणि टोके ९० अंशांतच वळलेली मिळतात. हादऱ्यात ती उघडतात.

वाढीव मजला केवळ पायावर भार टाकत नाही. भूकंपाचे बल वस्तुमानासोबत वाढते, आणि ते वस्तुमान जितके उंचावर तितका खालच्या खांबांवरचा ताण जास्त. तीन मीटर उंचीच्या नऊ इंची विटेच्या भिंतीचे वजन धावत्या मीटरमागे सुमारे तेराशे किलो भरते. गच्चीवरची दहा हजार लिटरची भरलेली टाकी दहा टनांहून जड असते. एकाच कोपऱ्यात खोल्या वाढवल्या, तर इमारत हलताना पिळते आणि लांबच्या टोकाचे खांब आधी जातात. बंद केलेल्या बाल्कनीची अर्धवट उंचीची भिंत खांबाला चिकटली, तर त्याचा मोकळा भाग आखूड होऊन तो तुटतो.

प्रत्यक्ष तपासणीत पायाशेजारी खड्डा घेऊन पाया पाहतात. रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून उसळी मोजणारा हातोडा) व अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींच्या) चाचणीने काँक्रीटच्या ताकदीचा अंदाज येतो. खात्रीसाठी कोअर, म्हणजे काँक्रीटचा दंडगोल नमुना, कापून काढावा लागतो. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलणारे रसायन टाकल्यास गुलाबी न होणाऱ्या भागातील गजांचे संरक्षण गेलेले असते. जुन्या व नव्या भागातून वेगवेगळे नमुने घेतलेच पाहिजेत, सरासरी काढून भागत नाही. त्यानंतर संपूर्ण इमारतीचे गणित मांडतात. आरसीसीसाठी आयएस १५९८८ (२०१३) आणि विटा-दगडी बांधकामासाठी आयएस १३९३५ ही मानके वापरतात. पहिल्यात उरलेल्या आयुष्यानुसार भूकंपबल कमी धरण्याची मुभा आहे, पण ७० टक्क्यांखाली नाही.

उपायांत खर्चिक जॅकेटिंगआधी (खांबाभोवती नवे काँक्रीट वा पोलादाचे आवरण देण्याआधी) गच्चीवरील अनावश्यक भार उतरवणे, पार्किंगच्या मजल्यावर योग्य जागी भिंती वा ब्रेसिंग (तिरके आधार) देणे आणि शटरसाठी कापलेल्या भिंतीची ताकद परत आणणे यांचा विचार करावा. खांबाचे जॅकेट पायापर्यंत नेले नाही, तर दुबळी जागा फक्त खाली सरकते. वाड्यात भिंतींना पट्ट्यांनी बांधून त्या लाकडी मजल्याशी जोडणे हा अधिक योग्य मार्ग आहे. लाकडावर जड स्लॅब चढवल्याने धोका वाढतो.