‘मिनिमल चेंज’ हे नाव आलं कुठून?

सकाळी मुलाचे डोळे सुजलेले, दुपारपर्यंत सूज उतरलेली. आठवडाभर ॲलर्जीचं औषध दिलं जातं. मग पाय आणि पोटही सुजतं, तेव्हा कुठे लघवीची तपासणी होते. नळीतल्या लघवीत सल्फोसॅलिसिलिक ॲसिडचे थेंब पडले की ती दुधासारखी पांढुरकी होते. नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळणीतून प्रथिनं लघवीत गळण्याचा आजार, असलेल्या मुलाच्या आईबापांना हे दृश्य पाठ असतं; तो पांढुरकेपणा प्रथिनांचाच. नातेवाईक विचारतात, ‘बायोप्सीत काय आलं?’ बहुतेक मुलांची बायोप्सी झालेलीच नसते.

प्रतिजैविकांच्या आधी यातली निम्म्याहून जास्त मुलं जायची, बरीचशी जंतुसंसर्गाने. १९५०च्या सुमारास स्टेरॉइड आली आणि १९५१मध्ये सुईने मूत्रपिंडाचा तुकडा काढण्याची रीत, म्हणजे बायोप्सी, प्रसिद्ध झाली. खरा गुंता तिथून सुरू झाला.

साध्या सूक्ष्मदर्शकाखाली या मुलांचे केशिकागुच्छ, म्हणजे रक्त गाळणारे बारीक रक्तवाहिन्यांचे पुंजके, जवळपास ठीकठाक दिसत; म्हणून ‘मिनिमल चेंज’, अगदी किरकोळ बदल. १९५७मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवलं, की गाळणीला बाहेरून धरून बसलेल्या पोडोसाइट पेशींची बोटं चपटी होऊन एकमेकींत मिसळलेली आहेत. म्हणजे बदल भरपूर होता, साध्या भिंगाला तो दिसत नव्हता एवढंच. तरी ‘मिनिमल चेंज’ हेच नाव चिकटलं. या आजाराने दगावलेल्या मुलांच्या मूत्रपिंडात त्याच वर्षी वेगळं आढळलं: काही गुच्छांत, त्यांच्याही एखाद्याच भागात, व्रण. हाच पुढचा एफएसजीएस (फोकल सेगमेंटल ग्लोमेरुलोस्क्लेरोसिस). त्याची सुरुवात होते आत, मज्जाभागालगतच्या (मूत्रपिंडाच्या आतल्या थराजवळच्या) गुच्छांपासून. एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गुच्छ, सुईत येणार दहा-वीस, तेही बहुधा वरच्या थरातले. मग ‘मिनिमल चेंज’चा रिपोर्ट म्हणजे व्रण नाहीत, की सुईला सापडले नाहीत? दोन आजार, की एकाच आजाराच्या दोन पायऱ्या? हा वाद अजून मिटलेला नाही.

१९६७पासून अनेक देशांतल्या ५००हून अधिक मुलांची उपचाराआधीच बायोप्सी झाली. सुमारे तीन चतुर्थांश मुलं मिनिमल चेंजची निघाली आणि त्यांतल्या ९३ टक्क्यांची लघवी स्टेरॉइडने प्रथिनमुक्त झाली. एफएसजीएसमध्ये हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं. यावरून ठरलं, की हा आजार सहसा होतो त्या वयातल्या मुलाला आधी स्टेरॉइडच्या गोळ्या द्याव्यात, दाद नाही मिळाली तरच सुई. माझ्या मते या आजारातला सर्वांत शहाणा निर्णय हाच. फक्त ‘दाद नाही’ म्हणायला चार आठवडे थांबायचं की सहा, यावर वर्षानुवर्षं खल चालला.

पुढे पोडोसाइटच्या बोटांमधली गाळणी घडवणाऱ्या प्रथिनांची जनुकं सापडली: १९९८मध्ये नेफ्रिनचं, २०००मध्ये पोडोसिनचं. या जनुकांत जन्मतः दोष असलेल्या मुलाला स्टेरॉइड सहसा लागू पडत नाही, तुकड्यात काहीही दिसो. आणि २०२४मध्ये नेफ्रोटिक मुलांपैकी जवळपास निम्म्यांच्या रक्तात नेफ्रिनविरोधी प्रतिपिंडं (शरीराने स्वतःच्याच नेफ्रिनविरुद्ध बनवलेली अँटीबॉडी) आढळली. आजार उसळलेला असताना ती वाढतात, शमल्यावर उतरतात. ती मोजायला सुई लागते, पण हातातून रक्त काढायची.