काठी गावाच्या हाती: विदर्भातल्या लोकसहभागाच्या सल्लागारांची पार्श्वभूमी

यवतमाळ-वर्धेकडच्या गावात आज एखाद्या प्रकल्पाचा फॅसिलिटेटर, म्हणजे गावाला बोलतं करणारा माणूस, आला, की समाजमंदिरासमोर आधी रांगोळीने गावाचा नकाशा काढून घेतो. रस्ता, नाला, विहिरी, वस्त्या. हातातली काठी तो गावातल्याच कुणाला देतो आणि बाजूला होतो. मग मागून एखादी आजी म्हणते, "हापशी मांडली, पण उन्हाळ्यात तिले पाणी रायते काय?" खरी बैठक तिथून सुरू होते.

ही पद्धत बाहेरून आली असं म्हणणं अर्धंच खरं आहे. गांधीजी 1936 मध्ये सेवाग्रामला राहायला आले, विनोबा पवनारला होते, तुकडोजी महाराजांचं काम मोझरीहून चालायचं. गावाने आपलं आपण ठरवावं हा विचार इथे तेव्हापासूनच रुजलेला. पण बोलणारा एक आणि ऐकणारा गाव, हे चित्र तेव्हाही होतंच. 1952 चा सामुदायिक विकास कार्यक्रम आला, 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या (त्यामागची समिती पुसदच्या वसंतराव नाईकांची), तरी योजना वरूनच ठरून येत राहिली.

वेगळं घडलं ते गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणाऱ्या या गोंड गावात देवाजी तोफा गावातले, तर मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून आलेले कार्यकर्ते. त्यांनी अभ्यास गट चालवले. निर्णय ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीने. एकाचंही मन वळलं नसेल तर विषय पुढच्या बैठकीला. 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबू बाहेर विकायला लागणाऱ्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. माझ्या मते या धंद्याचं खरं विद्यापीठ तेच.

पगारी धंदा मात्र दुसऱ्या वाटेने वाढला. सत्तरच्या दशकात इन्स्टिट्यूट ऑफ कल्चरल अफेअर्स या संस्थेने दौलताबादजवळच्या माळीवाड्यात काम सुरू केलं. आधी काय दिसलं ते विचारायचं, मग काय वाटलं, त्याचा अर्थ काय, आणि शेवटी काय करायचं, हा तिचा प्रश्नांचा क्रम आजही प्रशिक्षणात शिकवतात. 1995 च्या पाणलोट मार्गदर्शक सूचनांमुळे लोकसहभाग ही सरकारी कामाची अटच झाली. शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्राने दिलेल्या 2006 च्या पॅकेजनंतर विदर्भात प्रकल्पांची रीघ लागली. नागपूरच्या समाजकार्य महाविद्यालयातून एमएसडब्ल्यू केलेली पोरं गावपातळीवर लागली, तालुका समन्वयक झाली, मग प्रशिक्षक, आणि चाळिशीत सल्लागार. विदर्भातल्या बऱ्याच सल्लागारांची कारकीर्द साधारण अशीच.

अडचण आहे ती वेळेची. मेंढ्यात विषय पुढच्या बैठकीवर टाकता यायचा, कारण कुणाचं कंत्राट संपत नव्हतं. प्रकल्पात मार्चअखेर आराखडा अपलोड व्हायचा असतो. मग सर्वसहमती कागदावर होते, नि सह्या दारोदार फिरून.

2011 पासूनच्या उमेद या सरकारच्या ग्रामीण उपजीविका अभियानाने यातला एक भाग गावातल्याच बायांकडे दिला. बचत गटात तयार झालेल्या वर्धिनी दुसऱ्या गावी मुक्काम करून गट बांधतात. सल्लागाराकडे आता बरेचदा त्यांच्या प्रशिक्षणाचंच काम असतं. फी मात्र त्याची मोठी, आणि मुक्कामाला त्या.