शिकाऱ्याची गाडी कुठे थांबावी?

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ जंगलांत परवाना काढून एल्कची शिकार करता येते. एल्क हे आपल्या सांबराच्या कुळातलं हरीण, पण अंगाने मोठं. पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या पुढे जातो. तिथला कायमचा वाद शिकारीवर जेवढा होत नाही, तेवढा एटीव्हीवर होतो. जाड टायरांची ही चारचाकी जंगलात कुठवर न्यायची?

गाडी हवीशी का वाटते, ते आधी समजून घ्यायला हवं. मोठ्या नराची हाडं काढून टाकली तरी मांस १०० किलोच्या आसपास भरतं. एका खेपेला २५ किलो धरले तर चार खेपा. रस्ता पाच किलोमीटर लांब असेल, तर ओझं घेऊन २० आणि रिकाम्या पाठीने १५, अशी ३५ किलोमीटरची पायपीट होते. तोवर मांस थांबत नाही. जनावराच्या शरीराचं तापमान ३८ अंशांच्या वर असतं आणि जाड कातडं ती उष्णता धरून ठेवतं. मागच्या मांडीचं मांस सर्वांत जाड, म्हणून ते खुब्याच्या सांध्याजवळ आतून आंबतं. वरून पत्ताही लागत नाही. उपाय म्हणजे लगेच कातडं सोलणं, मांडी हाडापर्यंत चिरणं आणि मांस सुती पिशव्यांत घालून सावलीत टांगणं. प्लास्टिकची पिशवी वापरू नये. त्यात वाफ कोंडते.

म्हणजे गरज खरी आहे. पण गाडीमुळे जनावर काय करतं, हेही मोजलं गेलंय. ओरेगॉनच्या ईशान्येला स्टार्की नावाचं प्रायोगिक जंगल आहे. तिथे सुमारे १०० चौरस किलोमीटरला अडीच मीटर उंच कुंपण घालून, एल्कच्या गळ्यात पट्टे बांधून १९८९ पासून अभ्यास चालू आहे. एकाच वाटेवरून आलटूनपालटून एटीव्ही, सायकली, पायी माणसं आणि घोडेस्वार पाठवले गेले. एल्क चौघांपासूनही दूर सरकले, पण एटीव्हीपासून सर्वांत जास्त: सरासरी जवळपास ८८० मीटर. घोडेस्वारांपासूनचं अंतर ५६० मीटरच्या आसपास होतं. एटीव्ही फिरत असताना त्यांचा चरण्याचा वेळही घटला. हिवाळ्याच्या तोंडावर, चरबी साठवायच्या दिवसांत, हे नुकसान लहान नाही.

रस्त्यांचा हिशेब त्याहून जुना आहे. १९८३ साली मोंटानातल्या अभ्यासातून दिसलं, की दर चौरस मैलाला एक मैल रस्ता वाहनांना खुला असेल, तर एल्कसाठी त्या अधिवासाची उपयुक्तता किमान पाव हिश्शाने घटते. दोन मैल असेल तर निम्मी होते. झाडं, गवत, पाणी सगळं जागेवर असतं, फक्त जनावर तिथे थांबत नाही. पुष्कळदा ते लगतच्या खासगी कुरणांत शिरतं, जिथे बहुतेक शिकाऱ्यांना प्रवेश नसतो. म्हणून रस्ते बंद करा असं म्हणणाऱ्यांत शिकारीही असतात, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर आहे.

कायद्याचे दोन थर आहेत. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याने राखलेल्या क्षेत्रांत मोटारवाहनच काय, सायकलही चालत नाही. मांस ओढायची दोन चाकांची हातगाडीसुद्धा नाही, कारण चाक हे यांत्रिक साधन धरलं जातं. घोडा, खेचर, लामा (उंटाच्या कुळातलं ओझं वाहणारं जनावर) चालतात. बाकीच्या राष्ट्रीय जंगलांत २००५ च्या नियमानुसार नकाशावर दाखवलेल्या वाटांवरच गाडी नेता येते. मात्र मारलेलं मोठं जनावर आणायला ठरावीक वाटांपासून ठरावीक अंतरापर्यंत आत जाण्याची सवलत वनाधिकारी देऊ शकतात.

रस्ता कागदावर बंद करणं सोपं, जमिनीवर कठीण. सपाट जागी फाटक लावलं की पुढच्याच हंगामात त्याला वळसा घालणारी चाकोरी पडते. फाटक एका बाजूला उतार आणि दुसऱ्या बाजूला दाट झाडी असेल अशा अरुंद जागीच टिकतं. रस्ता कायमचा मिटवायचा, तर घट्ट झालेली माती खोलवर उकरावी लागते, वर ओंडके आणि फांद्या पसराव्या लागतात आणि रस्त्याखालचे पाण्याचे पाइप काढावेच लागतात. ते तसेच राहिले तर पालापाचोळ्याने तुंबतात आणि एखाद्या मोठ्या पावसात भरावासकट माती ओढ्यात जाते.

अलास्कात प्रश्न जमिनीचाच आहे. तिथे कायम गोठलेल्या मातीवर शेवाळाचा जाड थर असतो आणि तोच खालचा बर्फ उन्हापासून राखतो. एटीव्हीचे टायर मऊ असले तरी फेऱ्या वाढल्या की हा थर दबतो, फाटतो. चाकोरीत साचलेलं काळं पाणी ऊन शोषतं, बर्फ वितळतो, जमीन खचते. मागून येणारा चालक चिखल टाळून बाजूने गाडी घालतो, आणि एका वाटेच्या समांतर अनेक वाटा होतात. काही ठिकाणी आता चिखलावर जाळीदार प्लास्टिकचे ताठ तुकडे एकमेकांत अडकवून पसरतात. त्यांच्या भोकांतून गवत पुन्हा वर येऊ शकतं. पण दुर्गम भागात हे सामान पोचवणंच महाग असतं, त्यामुळे ते सर्वांत वाईट टप्प्यांपुरतंच बसवलं जातं.